दहा मिलिग्रॅम स्टेरॉईड की अझाथायोप्रिन? एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी २४ वर्षांची, वजन ४८ किलो. अडीच वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याच्या आजाराचं, निदान झालं. मेसालामिन हे त्यावरचं नेहमीचं औषध पूर्ण मात्रेत चालू आहे, एनिमाही घेऊन झाले, तरी आतापर्यंत चार वेळा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड द्यावं लागलं. दर वेळी मात्रा पंधराच्या खाली आली की रक्त पुन्हा सुरू. आता डॉक्टर अझाथायोप्रिन सुरू करू म्हणताहेत. मेडिकलवाल्यानं सांगितलं, "ही किडनी बदललेल्यांची गोळी, केमोच्या जातीतली." पाकिटातल्या कागदावर कर्करोगाचा उल्लेख आहे. स्थळं बघणं चालू आहे. वडील विचारतात, त्यापेक्षा स्टेरॉईडच दहा मिलिग्रॅमवर कायम ठेवलं तर? ते तिला मानवतं तरी.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण घोडं तिथंच पेंड खातंय.

स्टेरॉईड मानवतं यात नवल नाही. चार दिवसांत रक्त थांबतं, भूक लागते, पोरगी हसायला लागते. घरच्यांच्या डोळ्यांसमोर फरक पडतो, म्हणून त्या गोळीवर जीव जडतो. पण कोलायटिस दाबून ठेवायला स्टेरॉईडचा उपयोग होत नाही, ही गोष्ट फार जुनी आहे. १९६५ साली इंग्लंडमध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांना रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड) देऊन पाहिलं होतं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांइतक्याच जणांचा आजार परत उफाळला. म्हणजे तुमच्या हिशेबातल्या दहा मिलिग्रॅमनं आजार रोखला जाण्याची शक्यता कमी, आणि त्या दहा मिलिग्रॅमचं व्याज मात्र रोज चढत राहणार.

हे व्याज कसं चढतं ते सांगतो. चेहरा सुजणं, मुरुमं, झोप उडणं हे दिसतं, म्हणून लोक त्याला घाबरतात. गोळी उतरली की ते जातंही. न दिसणारं वेगळं असतं. हाडांतलं कॅल्शियम पहिल्या काही महिन्यांतच वेगानं उतरायला लागतं, साखर जेवणानंतर वाढते म्हणून उपाशीपोटीच्या तपासणीत सापडत नाही, डोळ्यात मोतीबिंदू धरतो. माझ्याकडे २९ वर्षांचा एक मुलगा आला होता. तक्रार पोटाची नव्हतीच, जिना उतरताना जांघेत कळ यायची. एक जुनी चिठ्ठी मेडिकलवर दाखवून तो अडीच वर्षं दहा-पंधरा मिलिग्रॅम घेत होता. त्या चिठ्ठीच्या घड्या फाटून सेलोटेपनं चिकटवलेल्या होत्या. एमआरआयमध्ये दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांचा रक्तपुरवठा संपलेला निघाला. त्याचं पोट शांत होतं, पण खुबे बदलावे लागले.

अमेरिकेत क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या एका आजाराच्या, सहा हजारांहून जास्त रुग्णांची एक मोठी नोंदवही ठेवली गेली होती, ट्रीट नावाची. २००६ साली तिचे निष्कर्ष आले. सगळे महागड्या इंजेक्शनांकडे संशयानं बघत होते, पण मृत्यू आणि गंभीर जंतुसंसर्ग या दोन्हींशी ठळक नातं निघालं ते प्रेडनिसोनचं. आजार जोरात असलेल्यांनाच स्टेरॉईड जास्त दिलं जातं, हे त्यात धरायला हवं. तरी तीस वर्षं रुग्ण पाहिल्यावर माझंही मत तेच आहे. पोटाच्या या आजारात सगळ्यात जास्त नुकसान जिनं केलेलं मी पाहिलंय, ती गोळी घरोघरी सगळ्यात निरुपद्रवी समजली जाते. (बिननावाच्या पुड्यांनी कोलायटिस आठवड्यात बरा झाला, असं कुणी सांगितलं की मी आधी त्या माणसाच्या गालांकडे बघतो, स्टेरॉईडनं सुजलेत का म्हणून.)

एक मात्र लक्षात ठेवा. हे वाचून स्टेरॉईड एकदम बंद करू नका. महिनोन्महिने बाहेरून मिळाल्यामुळे शरीराची स्वतःची स्टेरॉईड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते. मात्रा पायरीपायरीनं उतरवायची, आणि तेही डॉक्टरांनी आखून दिलेल्या तारखांप्रमाणे.

आता अझाथायोप्रिन. मेडिकलवाला खोटं बोललेला नाही. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ल्युकेमियासाठी मर्काप्टोप्युरिन शोधलं. अझाथायोप्रिन हे त्याचंच बदललेलं रूप, १९६० च्या दशकात किडनी प्रत्यारोपणात रुळलेलं. या दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. पण कोलायटिसमध्ये ते पेशी मारण्यासाठी देत नाहीत, आतड्यात बंड करणाऱ्या प्रतिकारपेशींची वाढ संथ करण्यासाठी देतात. म्हणूनच त्याचा गुण यायलाही आठ ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत स्टेरॉईडचा हात धरून चालायचं आणि मग तो सोडायचा. पहिल्या महिन्यात "काहीच फरक नाही" म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ.

या औषधाच्या दुष्परिणामांची भलीमोठी यादी वाचून काही हाती लागत नाही. मी रुग्णांना यादी देत नाही, तारखा देतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक त्रासाची यायची एक वेळ असते. ती ठाऊक असेल तर उगाच घाबरायला होत नाही आणि जिथं धावायचं तिथं उशीरही होत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत मळमळ. रात्री जेवणानंतर घेतली किंवा मात्रा दोनदा विभागली की बहुतेकांची कमी होते. तरी नाहीच झाली तर मर्काप्टोप्युरिन देऊन बघतो, बऱ्याच जणांना ते पचतं. काहींना याच काळात ताप, अंगदुखी, सांधे धरणं असं फ्लूसारखं होतं. तो औषधाचाच ताप असतो. गोळी थांबवली की जातो, पुन्हा घेतली की काही तासांत परत येतो.

पहिल्याच महिन्यात स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात तीन-चार जणांना. बेंबीच्या वर कळ, पाठीत आरपार जाणारी, सोबत उलट्या. कोलायटिसची कळ खाली असते आणि शौचाला जाऊन आल्यावर हलकी होते. ही होत नाही. रक्तातलं लायपेज तपासलं की कळतं. हे झालं तर हे औषध तिच्यासाठी कायमचं संपलं, मात्रा कमी करून परत प्रयोग करायचा नाही.

सगळ्यात जपायचे दिवस दुसऱ्या ते आठव्या आठवड्यातले. या काळात पांढऱ्या पेशी कोसळू शकतात.

इथं आपल्या देशाचा प्रश्न वेगळा आहे. युरोपातल्या पुस्तकांत टीपीएमटी नावाचं, या औषधाची विल्हेवाट लावणारं एन्झाइम तपासायला सांगतात. तिथं साधारण तीनशेत एकाकडे ते नसतं. आपल्याकडे टीपीएमटी नॉर्मल असूनही पेशी खाली जायच्या आणि आम्ही चक्रावून जायचो. २०१४ साली कोरियन डॉक्टरांनी कोडं सोडवलं. दोष एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकात होता आणि तो आशियाई लोकांत बराच आढळतो. आपल्याकडे साधारण आठ-दहा जणांत एकाकडे त्याची एक सदोष प्रत असते. अशांना मात्रा कमी लागते. ज्यांच्या दोन्ही प्रती सदोष त्यांनी हे औषध घेऊच नये. तपासणीला काही हजार रुपये लागतात आणि ती आयुष्यात एकदाच करायची असते. डॉक्टरांना स्वतःहून विचारा. एक रुग्ण या तपासणीविनाच आली होती, तेव्हा ती सहजी होतही नसे. पन्नासची गोळी सुरू करून अठरा दिवस झाले होते. तिनं टेबलावर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. तीन दिवसांत कंगव्यात आणि उशीवर आलेले केस. नुसत्या गळतीचे नव्हेत, मुठीत यावेत तसे झुबके. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी २२०० होत्या आणि चौथ्या दिवशी ७०० झाल्या. ताप आला, दोन आठवडे दवाखान्यात काढले, आणि ती सुखरूप घरी गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, अझाथायोप्रिन सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात अचानक केसांचे झुबके येऊ लागले तर तेल, शांपू, शिकेकाई यांना दोष देत बसू नका. गोळी त्याच दिवशी थांबवा आणि सीबीसी करा. दोन्ही प्रती सदोष असलेल्यांत पेशी तळाला जाण्याआधी केस इशारा देतात.

उलट बाजूही सांगतो. एरवी होणारी थोडीफार गळती बहुतेक वेळा आजाराची, ॲनिमियाची किंवा स्टेरॉईडचीच असते. तिच्यासाठी गोळी सोडायची नाही.

पुस्तकी हिशेबानं किलोला दोन ते अडीच मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या लेकीला ९६ ते १२० मिलिग्रॅम. पहिल्याच दिवशी तेवढी मी कुणालाही देत नाही. जनुकाचा अहवाल येईपर्यंत २५, तो चांगला आला की ५०, मग रक्त बघत बघत वर. आपल्याकडच्या अनेकांना दीड मिलिग्रॅमच्या हिशेबानंही पुरतं.

पहिली सीबीसी एका आठवड्यानं, मग दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात. सोबत लिव्हरच्या चाचण्या. मात्रा वाढवली की पुन्हा दोन आठवड्यांनी. सगळं स्थिर झालं की दर दोन-तीन महिन्यांनी, गोळी चालू आहे तोवर. लोक घसरतात ते इथंच. "सहा रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून बंद केलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. पेशी तिसऱ्या वर्षीही खाली जाऊ शकतात. एकूण पेशी ४००० च्या खाली गेल्या तर मात्रेचा विचार, ३००० च्या खाली गेल्या तर गोळी बंद आणि डॉक्टरांना फोन. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढलेला दिसेल. या औषधानं तो वाढतोच, त्यासाठी बी-१२ ची इंजेक्शनं टोचून घेऊ नका. मला तर त्याचा उपयोग होतो. वर्षभर गोळी घेतोय म्हणणाऱ्याचा एमसीव्ही जागचा हलला नसेल, तर गोळ्या कुठल्या डब्यात पडून आहेत ते मी विचारतो.

१०१ च्या वर ताप, घसा धरणं, तोंडात फोड यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी सीबीसी. पॅरासिटामॉल देऊन "उद्या बघू" हे इतर घरांत चालतं, तुमच्या घरात चालायचं नाही.

एवढं सांभाळूनही जे अपघात होतात, ते बऱ्याचदा दुसऱ्याच्या चिठ्ठीमुळे. एक शिक्षक चार वर्षं या गोळीवर छान होते. अंगठा सुजला, युरिक ॲसिड वाढलं होतं, जवळच्या डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिलं. गोळी साधी, स्वस्त, लाखो लोक घेतात. महिन्याभरात ते तोंडभर व्रण आणि ताप घेऊन आले. शरीर अझाथायोप्रिनची विल्हेवाट ज्या वाटेनं लावतं, तीच वाट ॲलोप्युरिनॉल बंद करतं. मग रोजची मात्रा चौपट दिल्यासारखं होतं. फेबुक्सोस्टॅटचंही तेच. त्या डॉक्टरांचा दोष म्हणावा तर त्यांना अझाथायोप्रिनबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. "पोटाची एक गोळी चालू आहे" एवढंच. लेकीला औषधाचं नाव पाठ करायला लावा. दातांचा डॉक्टर असो की त्वचेचा, आधी ते नाव सांगायचं. साध्या अंगदुखीवरची डायक्लोफिनॅकसारखी औषधंही टाळलेली बरी, त्यांनी कोलायटिस उफाळू शकतो.

मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचं नाव कुणी सुचवलं तर तिच्यासाठी नको. कोलायटिसमध्ये त्याचा उपयोग बेताचा, आणि गर्भाला ते घातक. ज्या कुणाला चालू असेल त्यानं आठवड्यातला एक वार ठरवून घ्यावा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत.

जंतुसंसर्गाबद्दल दोन गोष्टी. पहिली, नागीण. अझाथायोप्रिनवर तिचं प्रमाण थोडं वाढतं, टोफासिटिनिब या कोलायटिसवरच्या दुसऱ्या गोळीवर चांगलंच. हे दुसरं औषध आता स्वस्त झाल्यामुळे तुम्हालाही कुणीतरी सुचवेल. कमरेला किंवा बरगडीला एकाच बाजूनं आग होऊन पुरळ उठलं की आपल्याकडे काव लावतात, मंत्र घालतात, दोन टोकं मिळाली की माणूस जातो म्हणून घाबरतात. टोकं मिळत नाहीत आणि मिळाली म्हणून कुणी जातही नाही. पण विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांत सुरू झाल्या तरच खरा फायदा, आणि ते तीन दिवस मंत्रात जातात. काव लावायचीच तर गोळी घेऊन लावा.

दुसरी गोष्ट टीबी. आज तिला त्याचा मोठा धोका नाही, पण उद्या अझाथायोप्रिन पुरं पडलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिमुमॅब या महागड्या इंजेक्शनांचा विषय निघेल. इन्फ्लिक्सिमॅब १९९८ मध्ये बाजारात आलं आणि २००१ मध्ये त्यानंतरच्या टीबीच्या ७० रुग्णांची नोंद छापली गेली. निम्म्याहून जास्त जणांना तो फुप्फुसाबाहेर झाला होता आणि साधारण निम्म्यांत पहिल्या तीन-एक महिन्यांत. जिथं टीबी दुर्मीळ, तिथली ही गोष्ट. आपल्याकडे तो जंतू कित्येकांच्या अंगात झोपलेला असतो. म्हणून छातीचा एक्स-रे, गरज पडली तर सीटी, कातडीवरची मान्टू आणि रक्ताची इग्रा चाचणी या तपासण्या आधीच उरकाव्यात, शक्यतो स्टेरॉईडची मोठी मात्रा चालू नसताना. स्टेरॉईडवर मान्टू खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि सगळं निगेटिव्ह आलं तरी संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, मानेत गाठ यांकडे लक्ष ठेवायचंच.

आता गोळी सुरू होण्याआधीचं काम, म्हणजे लसी. हिपॅटायटिस बी तपासून नसेल तर लस, फ्लूची, न्यूमोकोकसची. कांजिण्या झाल्या होत्या का ते तिच्या आईला विचारा. झाल्या नसतील आणि लस घ्यायची असेल तर ती जिवंत विषाणूची आहे. स्टेरॉईड आणि अझाथायोप्रिन चालू असताना ती देता येत नाही, म्हणून वेळेचं गणित डॉक्टरांबरोबर बसवा. एचपीव्हीची लस जिवंत नाही, केव्हाही चालते. ती मुद्दाम द्या, कारण प्रतिकारशक्ती दाबलेल्या बायकांना गर्भाशयमुखाचे दोष जास्त सापडतात.

पाकिटातल्या कागदावरचा कर्करोगाचा उल्लेख तुम्ही वाचलाय, त्याचा आकडा टाळत नाही. फ्रान्समध्ये कोलायटिस आणि क्रोन्सच्या सुमारे १९ हजार रुग्णांवर नजर ठेवली गेली, २००९ मध्ये निकाल आला. अझाथायोप्रिनच्या गटातलं औषध घेणाऱ्या १०,००० जणांत वर्षाला साधारण ९ जणांना लिंफोमासारखा (लसिकाग्रंथींच्या कर्करोगासारखा) आजार झाला, कधीच न घेतलेल्यांत अडीच-तीन जणांना. म्हणजे धोका तिपटीहून जास्त, हे खरं. आणि १०,००० पैकी ९,९९१ जणांना त्या वर्षी काही झालं नाही, हेही खरं. औषध थांबवलेल्यांत हा आकडा पुन्हा न घेतलेल्यांच्या पातळीवर आला. धोका वयाबरोबर वाढतो. साठी उलटलेल्या माणसाला हे औषध देताना मी दहादा विचार करतो, चोविशीतल्या मुलीला देताना तेवढा नाही. लिंफोमाचा एक फार दुर्मीळ आणि वाईट प्रकार आहे, पण तो मुख्यतः पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत, तोही बऱ्याचदा या गोळीबरोबर इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन घेणाऱ्यांत दिसला. त्वचेचे कर्करोग गोऱ्या कातडीच्या लोकांत जास्त. आपल्याला टोपी आणि पूर्ण बाह्या पुरे. शिवाय वर्षानुवर्षं धगधगणारा कोलायटिस स्वतःच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. तो आकडा गोळीच्या कागदावर नसतो.

लग्न आणि मूल. अझाथायोप्रिनवर दिवस राहिले तर घाबरून गोळी बंद करू नका. अमेरिकेतल्या पियानो नावाच्या गर्भवतींच्या नोंदवहीत या गटातल्या औषधांमुळे बाळांतले व्यंग वाढलेले दिसले नाहीत. गरोदरपणात आजार उफाळणं हे त्याहून कितीतरी धोक्याचं, त्यात दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि कमी वजनाचं मूल होतं. अंगावर पाजताही येतं. टोफासिटिनिबचं तसं नाही, ते दिवस राहण्याच्या बरंच आधी थांबवावं लागतं. पुढे कधी ती इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिमुमॅबवर असताना गरोदर राहिली, तर एक गोष्ट प्रसूतीच्या फाईलवर लाल शाईनं लिहून ठेवा: बाळाला पहिले सहा महिने बीसीजी (टीबीवरची जिवंत जंतूची लस) नको. आपल्याकडे ती लस जन्मल्याबरोबर, कुणाला न विचारता दिली जाते, आणि आईचं औषध बाळाच्या रक्तात महिनोन्महिने असतं. अशा एका बाळाचा बीसीजीनंतर मृत्यू झाल्याची नोंद आहे.

स्थळाला सांगावं का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण प्रत्येक वडील दाराशी थांबून विचारतातच. सांगावं. माझ्याकडच्या ज्या मुलींनी लपवलं, त्यांनी सासरी गेल्यावर गोळ्याही लपवल्या, मग चुकवल्या, मग दोन महिन्यांनी रक्त घेऊन आल्या.

आणि किती वर्षं? गुण आला तर निदान तीन-चार वर्षं तरी मी हात लावत नाही. त्यानंतर कोलोनोस्कोपीत आतडं खरोखर भरून आलेलं दिसलं, वर्षभर रक्ताचा थेंब नाही, तर थांबवण्याची चर्चा करतो. थांबवलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आजार पुढच्या काही वर्षांत परततो हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे परतला तर कुणी कुणाला दोष देत नाही. माझ्याकडच्या काही बायका दुसरं मूल शाळेत जाईपर्यंत ५० मिलिग्रॅमवरच राहिल्या. त्यांनी थांबवायचं नाही असं ठरवलं, आणि मीही आग्रह धरला नाही.